विहीर माझी, पाणी कोणाचे?
(कायक आणि दासोह यांच्या प्रकाशात एक पाठ)



पहाटे स्नान उरकून आपण इष्टलिंग तळहातावर घेतो. शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला असतो. लिंगावर पाण्याची धार धरताना, हे पाणी आले कोठून, असा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. पाऊस बरा झालेल्या वर्षी तो येण्याचे कारणही नसते. परंतु दुष्काळाच्या वर्षी तो तांब्याच आपल्याला प्रश्न विचारू लागतो. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी गेले. त्या दिवसांत त्या शहरातील कित्येक शरणांच्या घरी पूजेचा तांब्यासुद्धा दुसऱ्या जिल्ह्यातील पाण्याने भरला असेल. ज्या घरी अंगणात विहीर आहे, त्या घरीही हीच पाळी का यावी? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

सिद्धरामांचे तळे

आपल्या परंपरेत पाण्याचा विचार करावयाचा म्हटला, की पहिले स्मरण होते ते सोन्नलिगेच्या शिवयोगी सिद्धरामांचे. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर. बाराव्या शतकात त्या कोरड्या मुलखात त्यांनी तळे खोदविले, आणि शहराच्या मध्यभागी सिद्धेश्वर तलाव आजही उभा आहे. तळ्यामध्ये साठलेले पाणी डोळ्यांना दिसते, पण त्याहून मोठे काम डोळ्यांआड चालते. तळ्याच्या तळातून पाणी हळूहळू पाझरते आणि खालच्या अंगाच्या आडाविहिरींना झरे फुटतात. म्हणजे ज्याला तळ्याची पायरी उतरणे शक्य नाही, त्याच्याही घरापर्यंत तळे आपणहून चालत जाते.

‘शून्यसंपादने’मध्ये अशी कथा आहे, की तळ्याचे काम चालू असता अल्लमप्रभू तेथे आले आणि त्यांनी ‘तुमचा तो वडार रामय्या कोठे आहे?’ अशा अर्थाची विचारणा केली. गुरूचा अवमान झाला असे वाटून कामकऱ्यांनी त्यांच्यावर दगड फेकले. प्रभूंचा रोख तळ्यावर नव्हता. ‘हे मी केले’ या जाणिवेवर होता. पुढे सिद्धराम कल्याणास गेले, चन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा मिळाली आणि ते शरणमेळ्यात मानाच्या स्थानी पोहोचले. तळे मात्र लोकांचेच राहिले. या कथेतून आपल्याला दोन गोष्टी घ्यावयाच्या आहेत. पाण्यासाठी कष्ट करावेत, हे कायक झाले. आणि त्या पाण्यावर ‘माझे’ हा शिक्का मारू नये, ही त्या कायकाची शुद्धी झाली.

लक्कम्मांचे माप

दुसरी कथा आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे या दांपत्याचे कायक. त्यातूनच त्यांचा दासोह चाले. एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. लक्कम्मांना आनंद व्हावयास हवा होता. पण त्यांनी विचारले, रोजच्याहून हे जास्त कशासाठी? आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथेच परत टाकून येण्यास त्यांनी पतीला सांगितले.

वाचकहो, तांदूळ तर सांडलेलेच होते. कोणाच्या कोठारातून काढलेले नव्हते. मग लक्कम्मांनी ते परत का पाठविले? कारण आपण जास्त वेचले, तर आपल्यामागून येणाऱ्या दुसऱ्या वेचणाऱ्याच्या ओंजळीत कमी पडते. विहिरीच्या पाण्याचा सगळा न्याय या एका कृतीत सामावला आहे. विहिरीवर मोटर बसवून कळ दाबली की पाणी येते आणि ते ‘सांडलेले’ आहे असेच आपल्याला वाटते. परंतु त्याच पाण्यावर आणखी कोणाची तरी ओंजळ टेकलेली असते. ती कोणाची, हे समजण्यासाठी आता थोडे जमिनीखाली उतरू.

जमिनीखाली काय आहे?

जमिनीखाली नदी वाहते, किंवा पाण्याचे मोठे टाके आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. दख्खनच्या काळ्या कातळात असे काही नसते. अखंड कातळ पाणी शोषीत नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. अशा शंभर घागरी आकाराच्या खडकातून उपसता येण्याजोगे पाणी फार तर एक ते तीन घागरी निघते. पडलेल्या पावसापैकी जमिनीत मुरून या साठ्याला मिळणारा भागही साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. बाकीचे पाणी वाहून जाते, वाफ होऊन जाते किंवा पिके व झाडे पितात.

बेळगाव शहराखाली जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात तेथील आड लवकर भरतात, पण पाणी तितक्याच लवकर उताराकडे निघूनही जाते. तात्पर्य, खडक काळा असो की जांभा, आपली विहीर म्हणजे पाण्याची तिजोरी नव्हे. सर्वांच्या खालून गेलेल्या एकाच पातळ थराला पाडलेले ते एक छिद्र आहे. माझ्या अंगणात छिद्र माझे, शेजाऱ्याच्या अंगणात त्याचे, पण पाणी मात्र एकच.

विंधण विहिरीने, म्हणजे बोअरने, हा प्रश्न सुटेल असे आपण समजतो. वरच्या थरातले पाणी दरवर्षीच्या पावसाने भरते. खोल भेगेतले पाणी मात्र फार सावकाश साठलेले असते. खोल गेल्याने पाणी वाढतेच असे नाही. पुष्कळदा दोनशे फुटांवर न लागलेले पाणी पाचशे फुटांवरही लागत नाही, आणि लागले तरी ते ठेव मोडून खाल्ल्यासारखे असते. व्याजावर संसार करणे वेगळे आणि मुद्दल मोडणे वेगळे, हे आपल्या घरच्या गृहिणींना सांगावे लागत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण तर सर्वांना पाठ आहे.

एक कबुली

येथे स्वतःची एक गोष्ट सांगतो. २००३ च्या उन्हाळ्यात आमच्या घरची विहीर तळाला गेली. आम्ही अंगणात बोअर मारली. पाणी चांगले लागले आणि घरात पेढे वाटले. दीड-दोन महिने गेले असतील. शेजारच्या काकू, एकट्या राहणाऱ्या, सकाळी रिकामी घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या.

‘अरे बाळा, तुझ्या बोअरला पाणी लागलं, देवाची कृपा. पण माझ्या आडाची घागर आता कोरडीच वर येते बघ.’

मी म्हणालो, ‘काकू, घागरी आमच्याकडून भरून न्या. आपलंच घर आहे.’

त्या म्हणाल्या, ‘नेईन रे. पण काल माझ्या आडावर दोन घरं पाणी भरायची. आज मी दुसऱ्याच्या दारात आले.’

त्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. पुढे एका जाणत्या माणसाने मला समजावून सांगितले, की कातळात बोअर मारताना वरच्या काही फुटांपुरताच पाइप घालतात. खाली बोअर उघडीच असते. आजूबाजूच्या आडांना पोसणारे वरचे झरे त्या उघड्या भोकात उतरतात आणि पंप ते सगळे खेचून घेतो. मी ज्याला माझ्या बोअरचे पाणी म्हणत होतो, त्यात काकूंच्या आडाचे पाणी होते. मी त्यांना घागर देऊन दासोह करीत नव्हतो. त्यांचेच पाणी त्यांना परत देत होतो, आणि वर दात्याचा मान घेत होतो.

त्या पावसाळ्यापूर्वी आम्ही आमच्या आणि काकूंच्या अशा दोन्ही घरांच्या छपरांच्या पन्हळी त्यांच्या आडाकडे वळविल्या आणि बोअरचा पंप दिवसातून एक तासच चालवावयाचा असे ठरविले. पहिल्या वर्षी आड होळीपर्यंत टिकला. तिसऱ्या वर्षी तो वैशाखातही पूर्ण आटला नाही. काकू आज नाहीत. आड आहे आणि त्यावर पाणी भरणारी घरेही आहेत.

बेळगावची विहीर

जे एका अंगणात घडते, ते शहरातही घडते. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमणाऱ्या लोकांना पाणी पुरावे म्हणून टिळकवाडी भागात एक मोठी विहीर खोदली गेली. तिला पंपा सरोवर असे नाव मिळाले. पुढे राकसकोप जलाशयाचे पाणी नळाने घरोघरी आले आणि शहरातल्या आडाविहिरींकडे लोकांनी पाठ फिरविली. काही विहिरींत कचरा पडला, काही गाळाने भरल्या. १९९५ मध्ये पाण्याची तीव्र टंचाई आली, तेव्हा नळ कोरडे पडले आणि गावाला आजोबांच्या विहिरी आठवल्या. गाळ काढून जुन्या विहिरी पुन्हा वापरात आणण्याचे काम त्या काळात शहरात झाले. काँग्रेस विहिरीचाही त्यात उद्धार झाला.

यातील धडा असा, की विहीर मरत नाही, आपण तिला विसरतो. नळ आला म्हणून आड बुजविणे म्हणजे मुलगा मिळवता झाला म्हणून आईला घराबाहेर काढण्यासारखे आहे.

विहीर राखण्याचे कायक

आता प्रत्यक्ष काय करावे ते क्रमाने पाहू.

पहिले काम मोजण्याचे. विहिरीत खुणा केलेला दोर सोडून दर पौर्णिमेला पाण्याची पातळी वहीत लिहावी. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला ०.७८५ ने गुणावे आणि पाण्याच्या खोलीने गुणावे. जेवढे घनमीटर येतील तेवढे हजार लिटर. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८ हजार लिटर. उपसा थांबविल्यावर पातळी किती तासांत किती चढते, हेही लिहावे. तीच विहिरीची खरी मिळकत. मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला, की कोणत्या महिन्यात दिवाळे निघणार हे वहीच सांगते.

दुसरे काम उपशाचे. पंप तळाची माती ओढू लागेपर्यंत कधीही चालवू नये. थोडे उपसावे, विहिरीला श्वास घेऊ द्यावा, मग पुन्हा उपसावे.

तिसरे काम गाळाचे. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेले, की गाळ काढून झरे मोकळे करावेत. परंतु बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत एकदम उतरू नये. तळाशी विषारी वायू साचलेला असू शकतो. जळता कंदील दोरीने आधी खाली सोडावा. तो विझला तर कोणीही उतरू नये. तो जळत राहिला तरी एकट्याने उतरू नये, कमरेला दोर आणि वर दोन माणसे हवीतच. डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. त्याच्या धुराने क्षणात माणूस जातो, आणि त्याला काढावयास गेलेला दुसराही.

चौथे काम पुनर्भरणाचे, म्हणजे घेतलेले परत करण्याचे. हजार चौरस फुटांच्या छपरावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती वजा जाता ४० ते ४५ हजार लिटर पाणी हाती लागते. पन्हळी लावून ते एका खड्ड्यात घ्यावे. खड्ड्यात तळाशी मोठे दगड, त्यावर खडी आणि सर्वांत वर वाळू भरावी, व तेथून गाळलेले पाणी नळीने विहिरीत सोडावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्यावे, कारण त्यात छपराची घाण असते. रस्त्याचे, गोठ्याचे किंवा मोरीचे पाणी विहिरीत कधीही सोडू नये. शौचकूप विहिरीपासून किमान पन्नास फूट दूर असावा. शेतात बांधबंदिस्ती करून पाणी अडवावे, म्हणजे माती राहते आणि पाणी मुरते.

पाचवे काम शुद्धतेचे. पिण्याच्या विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात चांगली ब्लीचिंग पावडर वापरावी. ती बादलीत कालवून निवू द्यावी, वरचे स्वच्छ पाणी तेवढे विहिरीत ढवळून मिसळावे आणि तासाभरानंतर पाणी भरावे.

आणि निकामी झालेली बोअर एक दिवसही उघडी ठेवू नये. २०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यातील झुंजरवाड येथे सहा वर्षांची एक बालिका अशाच बोअरमध्ये पडून दगावली. एक लोखंडी झाकण घालण्यास किती खर्च येतो?

पाण्याचा दासोह

येथवर झाले ते कायक. परंतु सगळ्या गावाने पाणी मुरविले आणि एकट्यानेच उपसले, तर ते पुण्य कोणाच्या पदरात पडेल? म्हणून कायकाच्या पाठोपाठ दासोह यावा लागतो.

एक हिशेब पाहा. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाला उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ६६ लाख लिटर पाणी लागते. एक एकर उसाला पाटाने पाणी दिले, तर वर्षाला याहून जास्त पाणी लागते. ऊस लावणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. मात्र ज्या गावात माणसे घागरीसाठी रांगेत उभी आहेत, तेथे त्या एका एकराचा हिशेब लक्कम्मांसमोर मांडता येईल का, हे ज्याने त्याने ठरवावे.

असा हिशेब गावाने एकत्र बसून केल्याची उदाहरणे आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची सोळा हेक्टर पडीक जमीन खंडाने घेऊन पाणी अडविण्याचे काम सुरू केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर वाटावयाचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यात वाटा, आणि ऊस नाही. नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार या गावात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास काम सुरू झाले. तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून पिके ठरवितात. शेतीसाठी बोअर घेण्यास गावानेच बंदी घातली आहे. पाणी अडविणारी गावे पुष्कळ झाली. उपशाला आवर घालणारी थोडी झाली, आणि तीच टिकली.

कायदाही आता या दिशेला वळला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाने आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तेवढे उपसावे, अशी समजूत रूढ झाली. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला. पुढे २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलात आला आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने आली. कर्नाटकानेही १९९९ मध्ये पिण्याच्या उद्भवांच्या संरक्षणासाठी कायदा केला. परंतु रात्री कोणी किती वेळ मोटर चालविली, हे कायद्याला दिसत नाही. ते ज्याला दिसते तो साक्षी आपण गळ्यात धारण केलेला आहे.

तेव्हा शरणांनो, या श्रावणात एक नेम करू या. ज्याच्याकडे विहीर आहे त्याने तिची वही उघडावी. ज्याच्याकडे छप्पर आहे त्याने पन्हळ बसवावी. आणि ज्याच्याकडे जोराचा पंप आहे त्याने शेजारच्या आडात एकदा वाकून पाहावे. विहिरीचे बांधकाम माझे, दोर माझा, कष्ट माझे. पाणी मात्र सर्वांचे, आणि मी त्याचा वाढपी.

अभ्यासासाठी प्रश्न (साप्ताहिक अनुभव-गोष्ठीत चर्चेसाठी)

१. सिद्धरामांच्या तळ्याविषयी अल्लमप्रभूंचा रोख कशावर होता? आपल्या विहिरीला तो कसा लागू पडतो?
२. सांडलेले तांदूळ लक्कम्मांनी परत का पाठविले? आपल्या घरात रोज ‘जास्तीचे’ पाणी कोठे खर्च होते?
३. आपल्या गल्लीतील किंवा मठाच्या आवारातील जुने आड व विहिरी मोजा. त्यांपैकी किती वापरात आहेत? एकीचा गाळ येत्या उन्हाळ्यात काढता येईल का?

शरणु शरणार्थी.